शिरेतून गुंगी देऊन अक्कलदाढ काढलीय का कुणी?

कोथरूडकर: खालची दाढ आडवी आहे. ड्रिलचा आवाज आला की हातपाय गार पडतात. मागे एकदा गळ्यातल्या कागदी रुमालासकट पळालोय. आता डॉक्टर म्हणतात, शिरेतून गुंगी देऊ. म्हणजे पूर्ण बेशुद्ध?

हडपसरची काकू: नाही हो. मला मिडाझोलाम हे गुंगीचं औषध दिलं होतं. ‘तोंड उघडा’ म्हटलं की उघडत होते म्हणे, पण मला काही म्हणजे काही आठवत नाही. हिरडीत भुलीचं इंजेक्शन देतातच, फक्त त्याची फिकीर उरत नाही. रिक्षात ह्यांना एकच प्रश्न चारदा विचारला!

भूलवाला: ६ तास आधी खाणं बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. जोरात घोरत असाल तर आधीच सांगा, श्वासाचा प्रश्न असतो. आणि दाढ काढणाराच गुंगीवर लक्ष ठेवणार की दुसरं कुणी, हे स्पष्ट विचारा. ऑक्सिजन, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, उताऱ्याचं फ्लुमाझेनिल तिथे हवंच.

कोथरूडकर: म्हणजे सकाळची मिसळ गेली. येताना स्कूटर चालवता येईल?

भूलवाला: २४ तास हातही लावू नका. सोबत माणूस न्या.

हडपसरची काकू: आणि मिसळ आठवडाभर विसरा.