स्तनाच्या कर्करोगानंतर सात वर्षांनी आईला 'सेकंडरी एएमएल' : कारण काय, उपचार काय?

निफाडकर :
माझी आई ६३ वर्षांची आहे. २०१८ साली स्तनाच्या कर्करोगासाठी तिने डॉक्सोरुबिसिन व सायक्लोफॉस्फमाइडची केमो घेतली होती. गेल्या महिन्यात भाकरी थापताना परातीचा काठ नुसता टेकला, तरी मनगटावर मोठा काळानिळा डाग उठला. प्लेटलेट १८ हजार निघाल्या, म्हणून नाशिकला कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासली, तर 'सेकंडरी एएमएल' हा रक्ताचा कर्करोग निघाला. आमची द्राक्षबाग असल्याने वडील फवारणीला, म्हणजे स्वतःलाच, दोष देत आहेत. जुना आजारच उलटला आहे का?

रक्तविकारतज्ज्ञ :
नाही, हा वेगळा आजार आहे. केमोने क्वचित मज्जेतील मूळ पेशींच्या गुणसूत्रांना इजा होते. सायक्लोफॉस्फमाइडसारख्या औषधांनंतर हा आजार साधारण ५ ते १० वर्षांनी, बहुधा आधी एमडीएस (मज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याचा विकार) होऊन, दिसतो आणि त्यात अनेकदा ५वे किंवा ७वे गुणसूत्र वा त्याचा भाग गळालेला असतो. डॉक्सोरुबिसिनच्या गटानंतर मात्र तो १ ते ३ वर्षांतच उद्भवतो. आपल्या आईंचा काळ पहिल्या प्रकाराशी जुळतो. असे ठळक कारण समोर असताना फवारणीकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही, हे वडिलांना जरूर सांगावे. तेव्हाची केमोही चुकीची नव्हती. ती घेणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही.

उपचार ठरवण्यापूर्वी गुणसूत्रांचा आणि टीपी५३ या, पेशींची बेसुमार वाढ रोखणाऱ्या जनुकाचा अहवाल पाहावा. प्रकृती सोसण्याजोगी असल्यास डॉनोरुबिसिन-सायटाराबिन देतात. ही दोन औषधे एकाच लायपोसोममध्ये (चरबीच्या सूक्ष्म पिशवीत) असलेल्या सीपीएक्स-३५१ ला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. प्रकृती तशी नसल्यास दर २८ दिवसांनी ॲझासायटिडीनची सात इंजेक्शने व सोबत व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या देतात. आजार मुळातून जाण्याची खरी आशा दात्याच्या मूळ पेशींच्या प्रत्यारोपणात आहे. टीपी५३ मध्ये दोष निघाला, तर मात्र औषधांचा गुण फार काळ टिकत नाही.

सिडकोवासी :
सासऱ्यांच्या वेळचे दोन अनुभव सांगतो. प्रत्यारोपणाचा विचार असेल, तर सख्ख्या नातेवाइकांचे रक्त वा प्लेटलेट आईंना चढवू नयेत, कारण त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाल्यास पुढे दात्याच्या पेशी रुजायला अडथळा येतो; आमच्याकडे मेहुणे हौसेने रांगेत उभे होते, त्यांना परत पाठवावे लागले. दुसरे असे, की बुरशीवरचे पोसाकोनॅझोल सुरू झाले की व्हेनेटोक्लॅक्सची मात्रा बरीच कमी करावी लागते, त्यामुळे डॉक्टर बदलल्यास चालू औषधांची यादी आधी पुढे करावी.

निफाडकर :
आभार. धाकटे मामा उद्याच प्लेटलेट द्यायला निघाले होते, त्यांना आत्ताच फोन करून थांबवले आहे. ते आता एचएलए तपासणीसाठी, म्हणजे दाता म्हणून जुळतात का हे पाहायला, येतील. उत्तराचा पहिला परिच्छेद वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला.