पॅलासाइटची चकती साताऱ्याच्या पावसात टिकेल का?

अजिंक्यताऱ्याखालचा:
वडिलांनी विहिरींच्या खोदकामातून आणलेले झिओलाइटचे स्फटिक आणि त्यांच्यासोबत सापडणारी खनिजं बघत वाढलो. पांढरं स्टिल्बाइट, हिरवट ॲपोफिलाइट. मागच्या महिन्यात एकांकडे पॅलासाइट अशनीची, म्हणजे आकाशातून पडलेल्या लोखंड आणि खड्यांच्या दगडाची, चकती पाहिली आणि ती डोक्यातून जाईना. घ्यायची आहे, पण इथला पावसाळा आठवला की हात आखडतो. भिंतींना ओल धरते तिथे लोखंडाचं काय होणार? आणि एवढे पैसे द्यावेत असं त्यात खरंच असतं का?

मिरजेची मावशी:
असतं. फक्त घेण्याआधी ती उन्हासमोर धरून बघा. माझी इमिलाकची आहे, चिलीच्या अटाकामा वाळवंटातली. दोन बोटं रुंद, ३ मिलिमीटर जाड. टेबलावर आडवी ठेवली तर चकचकीत धातूत काळपट ठिपके, एवढंच. सकाळी खिडकीशी उभी धरली की तेच ठिपके पेटतात. एक खडा पातळ काकवीच्या रंगाचा, शेजारचा पोपटी. एकात केसाएवढी चीर आहे, तिच्यावर ऊन सोनेरी होऊन थांबतं. रोज बघते, तरी रोज थांबते.

हे खडे ऑलिव्हिनचे. नितळ असले की त्यालाच पेरिडॉट म्हणायचं. आपल्या काळ्या दगडातही ऑलिव्हिन असतं, पण भिंग लावून शोधावं लागतं. इथे शेंगदाण्याएवढे खडे लोखंड-निकेलच्या कोंदणात बसलेत, आणि ते कोंदण लघुग्रहाच्या पोटात लाखो वर्षं निवत होतं. तुमच्या वडिलांना आवडेल असं एक सांगते: अर्जेंटिनातली प्रसिद्ध एस्केल अशनी १९५१ साली एका शेतकऱ्याला पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणतानाच मिळाली. वजन ७५५ किलो.

कोयनाकाठ:
मावशींचं सगळं पटलं, पण कुठली घेताय ते आधी विचारा. माझी ब्राहिनची होती, बेलारूसची. काचेच्या कपाटात उघडीच ठेवली आणि दोन पावसाळ्यांत गेली. गंज धातू आणि खडा यांच्या सांध्यातून शिरतो. एका सकाळी खालच्या मखमलीवर सुटा खडा पडलेला दिसला. फार वाईट वाटलं, आजही वाटतं. इमिलाक, एस्केल त्या मानाने टिकतात. तरी घट्ट झाकणाचा डबा आणि आत ओल शोषणारं सिलिका जेल हवंच, जूनच्या आधी जेल बदला. उघड्या बोटांनी धरू नका, घामातलं मीठ तिला सोसत नाही.

अजिंक्यताऱ्याखालचा:
इमिलाकचीच आहे, आत्ता फोन करून विचारलं. रविवारी सकाळी आठला जातोय. वडीलही येतो म्हणालेत.