साथीच्या काळात कारभार नेमका कुठे अडला? कामाच्या जागेवरून लिहा

धागाकर्ता
कोविडच्या दुसऱ्या लाटेचा विषय निघाला की गाडी दोन मिनिटांत 'केंद्र की राज्य' यावर घसरते. कायद्यात पाहिलं तर सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आहे आणि साथ एका राज्यातून दुसऱ्यात जाऊ न देणं समवर्ती सूचीत. देशव्यापी टाळेबंदी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आली, तर राज्यांनी आधार घेतला १८९७ च्या, मुंबईतल्या प्लेगच्या वेळच्या कायद्याचा. अधिकार दोघांकडेही होते, आणि अंगाशी आलं की बोट दाखवायला समोरचा होताच. म्हणून इथे आपबिती नको आणि पक्षही नको. ज्या कामातलं तुम्हाला कळतं तिथे काय अडलं, का अडलं आणि बाहेरच्या माणसाने ते कसं तपासावं, तेवढं लिहा.

वैद्यकीय वायुवाहिन्यांचे अभियंता
ऑक्सिजनपासून सुरू करतो. मोठ्या 'डी' सिलिंडरमध्ये ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटर घेणाऱ्या रुग्णाला तो साडेअकरा तास पुरतो. हाय फ्लो नेझल कॅन्युलावर, म्हणजे नाकातून जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन देणाऱ्या नळीवर, ६० लिटर सोडले तर दोन तासही नाही. शंभर खाटा सरासरी १० लिटरवर धरल्या तर दिवसाला १,४४० घनमीटर लागतात, म्हणजे दोनशेहून जास्त सिलिंडर, वजनात जवळपास दोन टन. आठवीतल्या पोरालाही जमेल असा हा हिशेब आहे. प्रत्येक रुग्णालयाकडून तो आधीच लिहून घेणं हे तयारीचं पहिलं काम, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

आता हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे पीएसए प्रकल्प. केंद्राने ऑक्टोबर २०२० मध्ये १६२ प्रकल्पांची निविदा काढली. एप्रिल २०२१ च्या मध्यावर आरोग्य मंत्रालयानेच सांगितलेला बसवलेल्यांचा आकडा होता ३३. यंत्र काही इतकं अवघड नाही. त्याला काँक्रीटचा चौथरा, शेड, थ्री फेज वीज, जनरेटर आणि तिथपासून वॉर्डापर्यंत तांब्याची नळी लागते. यंत्र पुरवणारा एक, चौथरा दुसऱ्याचा, वीजजोडणी तिसऱ्याची. अशा कामात प्रत्येकाची फाईल आपापल्या जागी पूर्ण असते आणि यंत्र ताडपत्रीखाली उभं असतं. तिघांवर एकच नाव आणि एकच तारीख नसेल तर हे असंच होणार, मग सत्तेत कोणीही असो.

बसल्यावरही मर्यादा आहेत. मिनिटाला १,००० लिटरचा प्रकल्प पूर्ण प्रवाहावरच्या सोळा हाय फ्लो रुग्णांतच संपतो. शुद्धता ९३ टक्के, तीन कमी-जास्त. दाब वाढवणारा बूस्टर कॉम्प्रेसर नसेल तर त्यावर सिलिंडर भरता येत नाहीत. ड्रायर बिघडून ओलावा आत गेला की झिओलाइट, म्हणजे हवेतला नायट्रोजन शोषणारे दाणे, खराब होतं आणि शुद्धता घसरते. उद्घाटनाच्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

द्रव ऑक्सिजनची टाकी असेल तिथे वेगळाच त्रास. द्रवाचा वायू करणारा वेपोरायझर ठरावीक प्रवाहासाठी बनवलेला असतो. खप वाढला की त्याच्या पंखांवर बर्फाचा जाड थर चढतो, वायू कमी सुटतो आणि चार बारच्या आसपास हवा तो दाब नळीच्या टोकाकडच्या वॉर्डात आधी पडतो. म्हणून दोन वेपोरायझर आलटून पालटून चालवायचे आणि दाब पडताच आपोआप सुरू होणारी सिलिंडरची रांग जोडून ठेवायची. नाशिकला २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या रुग्णालयात टाकीला गळती लागली, दाब गेला आणि वीसहून जास्त रुग्ण दगावले. राखीव रांग किती वेळ पुरते, हे अशा प्रत्येक ठिकाणी टाकी बंद करून, घड्याळ लावून तपासायला हवं. अर्थात तिथे रुग्ण नसताना.

मालवाहतूक पाहणारे
देशात ऑक्सिजन नव्हता असं नाही. तो पूर्वेकडच्या पोलाद कारखान्यांजवळ होता आणि रुग्ण होते पश्चिमेला नि उत्तरेला. उणे १८३ अंशांवरचा द्रव वाहणारे टँकर मोजकेच होते. नायट्रोजन आणि आर्गॉनचे टँकर साफ करून ऑक्सिजनला लावायची परवानगी द्यावी लागली. रेल्वेवर चढवायचे तर उंचीची अडचण: घाटातले बोगदे, वरच्या विजेच्या तारा. ३,३२० मिलिमीटर उंचीचा टँकर बसतो असं ठरलं आणि कळंबोलीहून विशाखापट्टणमला निघालेली पहिली गाडी घाट टाळून वसई, सुरत, भुसावळ, नागपूर अशी गेली. काम चोख झालं, दाद द्यायलाच हवी. पण ही मोजमापं लाट डोक्यावर आल्यावर एप्रिलमध्ये घेतली गेली. बोगद्यांची उंची मागच्या एप्रिलमध्येही तेवढीच होती.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ
पॉझिटिव्हिटीचा, म्हणजे तपासलेल्यांत बाधित किती टक्के याचा, आकडा कसा 'सुधारतो' ते सांगते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) जून २०२०च्या सूचनापत्रात रॅपिड अँटिजेन किटची संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या बाधितांपैकी किती पकडले जातात ते, ५०.६ ते ८४ टक्के दिली आहे. समजा हजार जणांपैकी १०० बाधित आहेत. आरटीपीसीआर त्यातले बहुतेक पकडेल, दर १० टक्क्यांजवळ. तेच लोक खालच्या टोकाच्या किटवर तपासले तर दर ५ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने निर्बंध सैल करण्यासाठी सांगितलेली मर्यादाही ५ टक्केच. एकही रुग्ण बरा न होता जिल्हा मर्यादेपाशी येऊन बसतो! लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह आलेल्याची आरटीपीसीआर करायची, असं त्याच सूचनेत आहे. त्या फेरतपासण्या झाल्या की नाही, हा आकडा मागा. दोन्ही चाचण्या एकत्र करून दिलेला दर मी वाचतही नाही.

लसीकरणातील परिचारिका
कोविशिल्डच्या कुपीत १० डोस, उघडल्यावर चार तास. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाला फक्त ऑनलाइन नोंदणी. दहा जणांनी वेळ घेतली, सात आले, तर उरलेले तीन डोस कोणाला द्यायचे? दारात उभ्या माणसाला द्यायची मुभा नव्हती. ती सरकारी लसीकरण केंद्रांना २४ मेला मिळाली. 'वाया गेलेले डोस' म्हणून केंद्रांवर ठपका येतो, त्यातला काही भाग असा वरच्या नियमातून येतो.

कुपीत थोडा जास्त द्रव असतो. हात बसलेला असेल तर अकरावा डोस निघतो. केरळने ७३,३८,८०६ डोसमधून ७४,२६,१६४ डोस दिल्याचं मे २०२१ मध्ये जाहीर केलं, ते यामुळेच.

आणि राज्यांनी आपापली लस विकत घ्यावी हे धोरण! तीच लस केंद्राला १५०, राज्याला ३०० रुपये. मुंबई महापालिकेने एक कोटी डोससाठी जागतिक निविदा काढली. बोली आल्या, लस आली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ ते ४४ वयाला पैसे भरायला लावणारं धोरण सकृद्दर्शनी मनमानी ठरवल्यावर जूनमध्ये खरेदी परत केंद्राकडे गेली. कुठलंही राज्य उत्पादकाशी एकट्याने घासाघीस करू शकत नाही, हे समजायला न्यायालय लागू नये.

महापालिकेच्या वॉर रूममध्ये काम केलेले
थोडक्यात. मुंबईत २४ विभागांच्या २४ वॉर रूम, म्हणजे फोनवरचे नियंत्रण कक्ष, केल्या आणि खाटवाटप तिकडे दिलं, हे जमलेलं काम. एका मध्यवर्ती फोनवर सगळं शहर तुंबत होतं. ज्या शहरांनी फक्त खाटांचं संकेतस्थळ केलं तिथे 'रिकामी' दिसणारी खाट परिचारिकेविना असायची. खाट मोजायची तर तिच्यासोबत ऑक्सिजन पॉइंट आणि पाळीतली माणसं मोजा.

जन्म-मृत्यू नोंदणी विभाग
जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत उत्तर आलं की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेलं नाही. लोक चिडले, साहजिक आहे. पण नमुना ४, म्हणजे मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, डोळ्यांसमोर आणा. भाग १ मध्ये (अ) तात्काळ कारण, (ब) आणि (क) त्यामागची कारणं. नीट भरलेला असा: (अ) एआरडीएस (फुप्फुसं तीव्रपणे निकामी होणं), (ब) न्यूमोनिया, (क) कोविड-१९, संकेतांक यू०७.१. मधुमेह, रक्तदाब भाग २ मध्ये. नळीतला दाब पडला हे लिहायला त्यात रकानाच नाही. राज्यांनी वेगळी चौकशी केली नाही, केंद्राने मागितली नाही, आणि उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरं ठरलं. दोघांच्याही सोयीचं.

खरी गडबड (अ) मध्ये नुसतं 'हृदयक्रिया व श्वसन बंद' लिहिण्याने होते. ते प्रत्येक मृत्यूत होतं, कारण म्हणून त्याचा उपयोग शून्य. मुळात २०२० मध्ये देशातल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांनाच वैद्यकीय प्रमाणपत्र होतं. म्हणून कारणांवर भांडण्यापेक्षा एकूण नोंदी पाहा: २०१९ मध्ये सुमारे ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख, २०२१ मध्ये १.०२ कोटी. वाढीतला काही वाटा नोंदणी सुधारल्याचा आहे, सगळा नाही. अधिकृत कोविड मृत्यू दोन वर्षांत पाच लाखांच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेचा ४७ लाख जादा (नेहमीच्या वर्षांपेक्षा जास्त) मृत्यूंचा अंदाज सरकारने पद्धतीवर बोट ठेवून फेटाळला. पद्धतीवर वाद घालता येतो, पण २०२१ च्या नोंदी मे २०२५ मध्ये प्रसिद्ध करून नव्हे.

कोविडने दगावलेल्यांच्या कुटुंबांना मिळणाऱ्या ५०,००० रुपयांच्या साहाय्याचे ज्यांचे अर्ज अडले त्यांच्यासाठी: चाचणीपासून ३० दिवसांतला मृत्यू, घरी झाला तरी, निकषात बसत होता. प्रमाणपत्रावर कोविड नसेल तर जिल्हा समितीकडे चाचणीचा अहवाल आणि केसपेपर जोडून दाद मागायची सोय होती. अनेक कार्यालयांत ही समिती आहे हे सांगणारा कागद भिंतीवरसुद्धा नव्हता.

वैद्यकीय वायुवाहिन्यांचे अभियंता
पुन्हा एकदा, कारण 'आता काय तपासायचं' असं एकाने विचारलंय. आपल्या तालुक्यातल्या पीएसएच्या पॅनेलवर किती तास चालला ते दाखवणारा मीटर असतो. माहिती अधिकारात गेल्या १२ महिन्यांचे त्याचे आकडे मागा, सोबत शुद्धतेची रोजची नोंदवही आणि देखभाल कराराची शेवटची तारीख. तास पुढे सरकले नसतील तर प्रकल्प बंद आहे, मंत्र्यांची पाटी कितीही चकचकीत असो. बंद ठेवलेल्या यंत्रात ओलावा साठतो, तेव्हा गरज नसली तरी तो ठरल्या वेळी चालवायचा असतो. त्या विजेचं बिल कोणत्या लेखाशीर्षातून भरायचं हे ठरलंय का, तेही त्याच अर्जात विचारा.