आधी हॅमिंग कोड हाताने करून बघा
कोड-बेस्ड क्रिप्टोग्राफी (चुका दुरुस्त करणाऱ्या कोडवर उभी असलेली गुप्त संदेशांची पद्धत) शिकायला आधी फाइनाइट फील्डचं (मोजक्याच संख्यांच्या संचातलं) सगळं गणित यायलाच हवं का असं वर विचारलंय, तर माझ्या मते अजिबात नाही. मी पण थेट गोप्पा कोडपासून (चुका दुरुस्त करणारा अवघड कोड, मॅकएलिसच्या पद्धतीत हाच असतो) सुरुवात करून आठवडाभर डोकं आपटलं, मग गप वही काढली आणि हॅमिंगचा (७,४) कोड, म्हणजे चार बिटांना तपासणीचे तीन बिट जोडून सात करणारा, हाताने केला. १०११ चे सात बिट होतात ०११००११, आता पाचवा बिट मुद्दाम उलटा करा, म्हणजे ०११०१११, आणि जिथे जिथे १ आहे त्या जागांचे नंबर २, ३, ५, ६, ७ यांचा एक्सऑर घ्या (बायनरीत लिहून दोन-दोनचे बिट जुळवा, वेगळे तिथे १, सारखे तिथे ०), उत्तर ५! चूक स्वतःच पत्ता सांगते (मी दोनदा करून पाहिलं, विश्वासच बसेना).

एवढं कळलं की मॅकएलिसची १९७८ ची संदेश गुप्त करायची आयडिया अर्धी कळलीच समजा. पाठवणारा मुद्दामच चुका घालतो, मूळ सेटिंगमध्ये १०२४ बिटांत ५०, आणि त्या काढायची युक्ती फक्त प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) असलेल्याकडे, बाकीच्यांना मॅट्रिक्स असं कालवून दिलेलं की कुठलाही रँडम कोड वाटावा. ते जुने आकडे २००८ मध्ये तुटले, पद्धत नाही तुटली, आकडे वाढवले झालं. खरी भानगड पब्लिक कीची (सगळ्यांना दिलेलं ते मॅट्रिक्स), क्लासिक मॅकएलिस या आजच्या आवृत्तीच्या सगळ्यात लहान सेटमध्येही २,६१,१२० बाइट, आणि सायफरटेक्स्ट (कुलूपबंद संदेश) जेमतेम ९६, म्हणजे कुलूप खिशात मावतं पण किल्लीला बैलगाडी लागते.

सेज (गणिताचं मोफत सॉफ्टवेअर) इन्स्टॉल असेल तर त्यात छोटा गोप्पा कोड बनवून बघा, अडलात तर इथेच टाका.