आई-बाबांना मागच्या सीटवर बसवून बघा
चौघांच्या घराला फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी ही सेडान की मारुतीची सात आसनी एर्टिगा, असं विचारलंयत. 'जीटी म्हणजे नुसती हौस' असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. तिची डिकी ५२१ लिटरची आहे. एर्टिगात तिसरी रांग उघडी ठेवली तर २०९ लिटरच उरतात. जीटीचं दीड लिटरचं टर्बो इंजिन १५० पीएसचं (पीएस म्हणजे साधारण अश्वशक्तीच), आणि निवांत चालवलं की दोन सिलिंडर बंद ठेवून पेट्रोल वाचवतं. दोनपदरी रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर ओलांडताना त्या ताकदीची किंमत कळते.

खरी अडचण आई-बाबांची. सेडान बुटकी. आमच्या आईचे गुडघे दुखायचे, उतरताना दर वेळी हात द्यावा लागे. टेस्ट ड्राइव्हला तुमच्या आई-बाबांना न्याच. सातजण नेहमीच असतील, तर मात्र एर्टिगाच घ्या.