पिशवीच पुरे

घरी बीअर बनवताना डब्यातलं मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट (मॉल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, तयार अर्क) सोडून थेट धान्यावर जायला वेगळा मॅश टन (मॉल्ट गरम पाण्यात भिजवत ठेवायचं खास भांडं) घ्यावा का, असं एकाने विचारलंय. अजिबात नको! पिशवीनेच सुरुवात करा, म्हणजे मॉल्ट जाळीदार कापडी पिशवीत घालून साध्या भांड्यातच भिजवायचं; इथे ऑस्ट्रेलियात आम्ही बरेच जण तसेच शिकलो. १० लिटर बीअरसाठी साधारण २.३ किलो मॉल्ट (भरड हवं, पीठ नको) आणि साडेपंधरा लिटर पाणी. पाणी ७० अंशांना आलं की गॅस बंद करून भांड्यात लावलेल्या पिशवीत मॉल्ट सोडा, गुठळ्या नीट मोडा. तापमान ६७च्या आसपास येतं. भांडं गोधडीत गुंडाळून तासभर ठेवा. मग श्रीखंडाच्या चक्क्यासारखी पिशवी टांगायची, बिनधास्त पिळा. मध्ये पुन्हा गॅस लावणार असाल तर तळाशी ताटली ठेवाच, माझी पहिली पिशवी तिथेच जळली.