उन्हात उभ्या गाडीत राहिलेला मोबाइल

कोथरूडकर (प्रश्न):
गेल्या रविवारी सिंहगड रस्त्यावरील एका मंगल कार्यालयात लग्नाला गेलो होतो. रस्ता शोधण्यासाठी समोरच्या काचेजवळच्या स्टँडला लावलेला मोबाइल उतरण्याच्या घाईत तिथेच राहिला आणि पंगत उठून गाडीकडे येईपर्यंत तीन वाजले. फोन हातात धरवत नव्हता, आणि तापमानाची सूचना दाखवून तो काही वेळ चालूच होईना. गार झाल्यावर तो सुरू झाला खरा, परंतु रात्रीपर्यंत पुरणारी बॅटरी आता दुपारी चारलाच संपते आणि दोन दिवसांपासून मागचे झाकण एका कडेने उचलल्यासारखे दिसते. काच दोन बोटे खाली ठेवली होती, तरीही असे कसे झाले? बॅटरी पूर्ववत होईल का?

नारायणपेठी:
शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सावकाश वाचले तरी चालेल. झाकण उचलले जाणे हे बहुधा बॅटरी फुगल्याचे लक्षण आहे, तेव्हा फोन आत्ताच बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि झाकण दाबून बसवण्याचा मोह टाळा. लिथियम-आयन बॅटरीतील द्रावण उष्णतेने विघटित होऊन वायू तयार होतो आणि तोच बॅटरीला फुगवतो. शिवाय विद्युत-अग्रावरचा थर जाड होत जाऊन त्यात लिथियम अडकून पडते, म्हणून गेलेली क्षमता परत येत नाही. बॅटरी बदलणे हाच उपाय आहे. जुनी बॅटरी मात्र ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, कारण ती चेपली किंवा भोसकली गेली तर पेट घेऊ शकते. ती सेवा केंद्रातच जमा करावी.

एरंडवण्याचा रहिवासी:
काचेबद्दल लिहितो, कारण हा गैरसमज आमच्याही घरात होता. काचेतून आत आलेले ऊन डॅशबोर्ड आणि आसने तापवते, त्यांच्यामुळे आतली हवा तापते, आणि ती बाहेर पडायला पुरेशी वाट नसते; दोन बोटांच्या फटीने त्यात नाममात्रच फरक पडतो. अमेरिकेतील ॲरिझोना येथे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी सुमारे ४७ अंश, तर डॅशबोर्ड सुमारे ६९ अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याचे आढळले. ॲपलने आयफोन ठेवण्यासाठी सांगितलेली मर्यादा ४५ अंश आहे, आणि वापरताना भोवतालची हवा ३५ अंशांपर्यंतच असावी असे ती कंपनी म्हणते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, म्हणजे वापराची मर्यादा तर सावलीतही ओलांडली जाते. तुमचा फोन तर गाडीतल्या सर्वांत तप्त जागेजवळच होता.

नारायणपेठी:
एक विचारायचे राहिले. येताना फोन गाडीच्या चार्जरला लावला होता का?

कोथरूडकर:
होय, कोथरूडपासून. पोहोचलो तेव्हा तो पूर्ण भरलेला होता.

नारायणपेठी:
मग त्यानेही हातभार लावला असणार. बॅटरी जितकी भरलेली, तितकी ती उष्णतेत लवकर झिजते. निम्मी भरलेली असती तर झीज थोडी कमी झाली असती, इतकेच.

सदाशिवपेठकर:
आणखी एक गोष्ट, कारण लोक हमखास करतात. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवू नये. आत बाष्प धरून ओलावा साचतो. शिवाय जलरोधक फोनच्या कडेचा गोंद उष्णतेने सैल होऊ शकतो, त्यामुळे झाकण उचललेल्या फोनला पाण्यापासून सुरक्षित मानू नका. सावलीत, कव्हर काढून, पंख्याखाली ठेवावा.

कोथरूडकर:
सर्वांचे आभार. फोन बंद करून गॅलरीतल्या फरशीवर, पडद्यांपासून दूर ठेवला आहे. उद्या सकाळी सेवा केंद्रात नेतो. स्टँड मात्र सौभाग्यवतींनी आजच काचेवरून काढून टाकला.